आम्ल, क्षार आणि विद्युत अपघटन : दहावीच्या मुलांनो, या चुका टाळा

दर जानेवारीत एकीकडे गड्ड्याची यात्रा भरते आणि दुसरीकडे माझ्या टेबलावर पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांची चळत चढते. सोलापुरात वीसेक वर्षं शिकवण्या घेतेय. मुलं दरवर्षी नवी, चुका त्याच. आणि त्या टिवल्याबावल्या करणाऱ्यांच्याच असतात असं नाही, रात्री जागून पाठांतर केलेल्यांच्याही असतात. शब्द पाठ असतो, पण भांड्यात काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणलेलं नसतं.

सगळ्यात जुनं दुखणं 'क्षार' या शब्दाचं. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (इंग्रजीत बेस) यांची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होतं. आता मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावा. तिथे क्षारक म्हणजे आपण ज्याला आम्लारी म्हणतो ते, क्षार म्हणजे त्यातला पाण्यात विरघळणारा अल्क, आणि आपल्या क्षाराचं नाव लवण. तेलुगूतही क्षारम् म्हणजे आम्लारीच. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांतून तेलुगू बोलतात, त्यामुळे काही मुलांचा दोन्हीकडून घोटाळा होतो.

एका हुशार मुलीनं पूर्वपरीक्षेत लिहिलं, 'सोडिअम हायड्रॉक्साइड हा क्षार आहे.' मार्क गेले. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊनच आली. "मॅडम, बघा ना, व्हिडिओत सर स्वतः म्हणतायत." ते सर त्यांच्या भाषेत बरोबरच होते. मी तिला विचारलं, "तुमच्या बोअरच्या पाण्याला आई काय नावं ठेवते?" म्हणाली, "क्षार फार आहेत म्हणते. बादलीला पांढरं बसतं." म्हटलं, आज घरी जाऊन त्या पांढऱ्या पुटावर लिंबू पिळ आणि कान लावून ऐक. संध्याकाळी तिचा मेसेज आला, बारीक चर्र असा आवाज येतोय. ते पूट मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचं. तो क्षार. आणि तिचे वडील रंगाई खात्यात ज्या पाण्याला हात लावू देत नाहीत, त्यातलं कॉस्टिक म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, ते आम्लारी. पुन्हा ती कधी चुकली नाही.

व्हिडिओ बघू नका असं मी म्हणत नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : हिंदी लवण म्हणजे मराठी क्षार, हिंदी अपचयन म्हणजे मराठी क्षपण (इंग्रजीत रिडक्शन). आणि क्षार म्हटला की तो उदासीनच, असंही धरून चालू नका. धुण्याचा सोडा क्षारच आहे, तरी त्याचं द्रावण तांबडा लिटमस निळा करतं, कारण तो सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यापासून झालेला आहे.

'तीव्र' आणि 'संहत' हे एकच समजू नका. संहत म्हणजे पाणी कमी, तीव्र म्हणजे पाण्यात ज्याचे जवळजवळ पूर्णपणे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात ते. ॲसेटिक आम्ल कितीही संहत घेतलं तरी सौम्यच.

बुडबुडे दिसले की हायड्रोजन लिहून मोकळं होऊ नका. शहाबादी फरशीवर संडास साफ करायचं आम्ल सांडलं की फेस येतो आणि फरशी पांढरी पडते, तो कार्बन डायऑक्साइड. शहाबादी म्हणजे चुनखडकच. चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. हायड्रोजन असेल तर जळती काडी 'पॉप्' आवाज करते.

आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल, हळूहळू, ढवळत. आम्लात पाणी कधीच नाही. यावर माझ्याकडे चर्चा नसते.

धातुकावर, म्हणजे ज्या खनिजातून धातू काढतात त्यावर, करायच्या भाजणे आणि निस्तापन या दोन क्रियांसाठी मुलं कसल्या कसल्या ट्रिक पाठ करतात, आणि पेपरात ट्रिकच उलटी आठवते. मला या ट्रिकांचा मनापासून राग आहे. धातुकातून काय बाहेर घालवायचंय ते बघा. झिंक ब्लेंड सल्फाइड आहे, गंधक घालवायला ऑक्सिजन हवा, म्हणून भरपूर हवेत भाजायचं, सल्फर डायऑक्साइड निघतो. कॅलामाइन कार्बोनेट आहे, ते तापवलं की आपसूक कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून मर्यादित हवेत निस्तापन. दोन्हीकडे हाती झिंक ऑक्साइडच.

आता विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून पदार्थाचे घटक वेगळे करणं. हे सविस्तर सांगते, कारण यात एकदा घाबरलेय.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलानं विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याचं अपघटन करायचं ठरवलं. प्लास्टिकचा डबा, बोअरचं पाणी, दोन लोखंडी खिळे, ९ व्होल्टची बॅटरी. दोन दिवसांनी फोन : "मॅडम, एकाच खिळ्याला बुडबुडे येतायत. दुसरीकडं नुसता तांबडा गाळ." त्यानं तीन बॅटऱ्या बदलून पाहिल्या होत्या. बॅटरी ठणठणीत होती. धनाग्राला, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या बाजूला, लोखंड असलं की ऑक्सिजन सुटण्याऐवजी लोखंडच आयन होऊन पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ होतो. मी म्हटलं, खिळे काढ, पेन्सिली दोन्ही टोकांना तासून लाव. पेन्सिलीच्या शिशात शिसं नावाचा धातू नसतो, ते ग्राफाइट असतं, वीज वाहून नेतं. एवढं सांगून घाईत फोन ठेवला. पाण्यात काय घातलंयस, हे विचारायचं राहिलं.

त्यानं मीठ घातलं होतं. वेग यावा म्हणून आणखी दोन चमचे घातले. खोलीच्या खिडक्या बंद. थोड्या वेळानं त्याच्या आईचा फोन, ब्लिचिंग पावडरीसारखा उग्र वास सुटलाय, आजी खोकतायत. तो क्लोरिन होता, विषारी वायू. बॅटरी काढा, खिडक्या उघडा, सगळे बाहेर व्हा, एवढंच बोलले. आजी तासाभरात बऱ्या झाल्या, पण मला त्या रात्री झोप नव्हती.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला : भांड्यात काय काय आहे? मिठाच्या द्रावणात सोडिअमचे आयन आहेत, क्लोराइडचे आहेत, आणि पाणीही आहे. मुलं पाणी विसरतात आणि 'ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाच्या बाजूला) सोडिअम मिळतो' असं लिहितात. ऋणाग्रावर सोडिअमऐवजी पाण्याचं क्षपण होतं, हायड्रोजन सुटतो. धनाग्रावर क्लोरिन. द्रावणात मागे उरतं सोडिअम हायड्रॉक्साइड. हळदीचा कागद ऋणाग्राजवळ धरा, कुंकवासारखा लाल होतो.

"मग सोडिअम कुठाय, मॅडम?" सोडिअम हवा तर पाणी काढून टाकावं लागतं, म्हणजे मीठ वितळवून अपघटन करावं लागतं. हम्फ्री डेव्हीनंही आधी पाण्यातल्या द्रावणांतून वीज सोडून पाहिली होती. त्याला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच मिळाले. वितळलेल्या अल्कांकडे वळल्यावर १८०७ साली त्याला पोटॅशिअम आणि सोडिअम सापडले. कॉपर सल्फेटच्या द्रावणातून मात्र तांबं मिळतं, कारण क्रियाशीलतेच्या श्रेणीत ते हायड्रोजनच्या खाली आहे. 'द्रावण की वितळलेलं' हे शब्द प्रश्नात दिसले की त्यांच्याखाली रेघ मारा.

ॲल्युमिनिअमचंही तेच. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड, २००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात विरघळवला की साधारण १००० अंशांत काम भागतं. मुलं क्रायोलाइटला उत्प्रेरक म्हणतात, काही तर धातुक म्हणतात. तो इथे विरघळवणारा द्रव आहे, आपल्या डब्यात जे काम पाणी करतं तेच. आणि तिथली ग्राफाइटची धनाग्रं बदलत राहावी लागतात, कारण सुटणारा ऑक्सिजन त्यांना जाळून कार्बन डायऑक्साइड करतो.

हे त्या मुलाला प्रदर्शनात डोळ्यांनी दिसलं. या वेळी मिठाऐवजी धुण्याचा सोडा, खिडक्या उघड्या, आणि बॅटरीच, भिंतीतला प्लग अजिबात नाही. पेन्सिलींवर दोन सिरिंज उलट्या धरल्या होत्या. ऋणाग्राच्या शिशावर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरट थर बसला. धनाग्राचं शिसं झिजून काळी पूड खाली बसत होती. हायड्रोजन ८ मिली झाला, ऑक्सिजन साडेतीन. त्याला ४ लिहायचं होतं, म्हणजे दोनास एक जमलं असतं. मी लिहू दिलं नाही. थोडा ऑक्सिजन शिसं खाण्यात गेला, थोडा पाण्यात विरघळला, हे त्यानं तक्त्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं, आणि परीक्षक बाईंनी सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळीबद्दल विचारलं.