खणात नवी डिस्क, ड्रायव्हरच्या लेखी जुनीच: या चुका टाळा

चांदिवलीच्या किंवा महापेच्या डेटा सेंटरमधून रात्रपाळीचा मुलगा फोन करतो, "दादा, डिस्क बदलली, हिरवा दिवाही लागलाय, पण सिस्टिम अजून जुनाच सिरियल नंबर दाखवतेय." यावर बहुतेक जण रीबूट करायला सांगतात. कृपया सांगू नका. रीबूट किंवा रीस्कॅन केलं की लक्षण जातं आणि पुरावाही जातो. बग मात्र ड्रायव्हरमध्ये, म्हणजे लिनक्समधल्या डिस्क कंट्रोलर चालवणाऱ्या कोडमध्ये, तसाच राहतो.

आधी दोन गोष्टी उतरवून घ्या. डिस्क पहिल्यांदा सापडली तेव्हा तिने दिलेली ओळख लिनक्स सिसएफएसमध्ये (कर्नलकडची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवणारी जागा) साठवून ठेवतं. ब्लॉक डिव्हाइसच्या फोल्डरात व्हीपीडीच्या (डिस्क स्वतःबद्दल देते त्या माहितीच्या) पान ८० ची फाइल असते, त्यात सिरियल नंबर. पान ८३ च्या फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कचा जगात एकमेव असलेला क्रमांक) वगैरे. एसजी-व्हीपीडी हे टूल तीच पानं डिस्कला आत्ता विचारून आणतं. साठवलेलं आणि आत्ता विचारलेलं जुळत नसेल तर केबल तपासण्यात वेळ घालवू नका. डिस्क बदलल्याचं ड्रायव्हरने ओळखलेलं नाही.

पत्त्यालाच ओळख समजणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, कारण चाचणीत ती सहसा सापडत नाही. सॅस (सर्व्हरमधली जोडणीची पद्धत) डिस्कला स्वतःचा ६४ बिटांचा पत्ता असतो, त्यामुळे डिस्क बदलली की पत्ताही बदलतो. पण एक्सपांडरच्या (एका कंट्रोलरला अनेक डिस्क जोडणारी चिप) मागे साटा (साध्या पीसीतल्या जोडणीची) डिस्क असेल तर ड्रायव्हरला दिसणारा सॅस पत्ता त्या डिस्कचा नसतोच. एक्सपांडर तो त्या पोर्टसाठी स्वतः देतो. चाळीत भाडेकरू बदलला तरी खोलीचा नंबर तोच राहतो, तसं हे. जुनी डिस्क काढून त्याच खणात नवी घातली की पत्ता तोच येतो. ड्रायव्हर आपल्या यादीत तो पत्ता शोधतो, त्याला तो सापडतो आणि "काही बदललं नाही" म्हणून तो पुढे जातो. काढल्याची सूचना मधल्या मध्ये हरवलेली असेल तर जुन्या डिस्कचं नाव, जुनी क्षमता, जुनी क्यू डेप्थ (एका वेळी किती कमांड्स पाठवायच्या तो आकडा) हे सगळं नव्या डिस्कला चिकटतं. जुनी फाइल सिस्टिम अजून माउंट असेल, तर लिहायचा राहिलेला डेटा सरळ नव्या डिस्कवर जाऊ शकतो.

म्हणून जुळवणी पत्ता आणि ओळख या दोन्हींवर करा. पत्ता तोच पण ओळख वेगळी असेल, तर जुनं डिव्हाइस काढून नवं जोडा.

इथे एक पोटचूक होते. डिस्क दुसऱ्या प्रकारच्या जोडणीला लावणाऱ्या काही स्वस्त ब्रिज चिप सिरियल नंबर रिकामाच देतात. दोन रिकाम्या नंबरांची तुलना केली की ते "जुळतात", आणि दोन वेगळ्या डिस्क एकच ठरतात. रिकामी ओळख म्हणजे ओळख नाही, हे कोडमध्ये स्पष्ट लिहा.

फक्त सूचनांवर विसंबणं

डिस्क आली किंवा गेली की कंट्रोलरचं फर्मवेअर सूचना पाठवतं. कंट्रोलर रीसेट होत असताना कोणी डिस्क ओढली, तर ती सूचना कधीच येत नाही. प्रत्येक रीसेटनंतर पूर्ण यादी नव्याने मागवून ताडून पाहा. पण यादी मागवण्याची कमांडच फसली, तर त्याचा अर्थ "डिस्क नाहीत" असा घेऊ नका. असा अर्थ घेतल्याने चालू रेडमधल्या (एकत्र काम करणाऱ्या डिस्कच्या गटातल्या) धडधाकट डिस्क एका झटक्यात बाहेर पडतात. कमांड फसली तर जुनी यादी तशीच ठेवून पुन्हा विचारा.

ताडून झाल्यावर आधी गेलेली डिव्हाइसेस काढा, मगच आलेली जोडा. दोन डिस्कच्या जागांची अदलाबदल झाली असेल तर उलट क्रमात पत्ते एकमेकांवर आदळतात.

कुलूप धरून डिव्हाइस काढणं

यादीवर स्पिनलॉक धरलेला असताना स्कझी लेयरला (कर्नलमधला डिस्क सांभाळणारा थर) डिव्हाइस काढायला सांगितलं, तर लॉगमध्ये "शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक" दिसतं, कारण ते फंक्शन झोपू शकतं, म्हणजे थांबून वाट पाहू शकतं, आणि स्पिनलॉक धरून तसं चालत नाही. लॉकमध्ये असताना डिव्हाइस फक्त वेगळ्या यादीत हलवा, लॉक सोडा आणि मग काढा.

मेमरी घाईने मोकळी करणं

डिव्हाइस यादीतून गेलं तरी अपुऱ्या राहिलेल्या कमांड्स त्याच्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवत असतात. रेफरन्स मोजणी ठेवा, म्हणजे तो ऑब्जेक्ट किती जण धरून आहेत याचा आकडा. शेवटचा धरणारा सोडेल तेव्हाच मेमरी मोकळी व्हावी. संशय असेल तर कसान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बनवा. लिनक्समध्ये ते ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. त्याच्या अहवालात मेमरी कुठे वापरली, कुठे घेतली आणि कुठे सोडली हे तिन्ही मिळतं. मी "कुठे सोडली" हे आधी वाचतो. बहुतेकदा चूक तिथेच असते.

चाचणीसाठी त्याच कंपनीच्या, त्याच क्षमतेच्या दोन डिस्क घ्या. वेगळ्या क्षमतेची डिस्क घातली तर फरक कुठेतरी योगायोगाने उघडा पडतो आणि बग सुटल्याचा भास होतो. एफआयओने (डिस्कवर ताण टाकणारं टूल) लोड चालू ठेवून एकाच खणात डिस्क बदला, मग दोन खणांत अदलाबदल करा, मग कंट्रोलर रीसेट चालू असताना एक डिस्क ओढा. अर्थात, ज्यांत कोणाचाही डेटा नाही अशाच डिस्क वापरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुनं कंट्रोलर कार्ड आणलं असेल तर आधी त्याच्या फर्मवेअरची आवृत्ती नोंदवा. ती माहीत नसेल तर निकाल कशाला लागू आहे हेच कळत नाही.

पॅच पाठवताना कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) फर्मवेअरची ती आवृत्ती, बदलाआधीचा आणि नंतरचा सिरियल नंबर, आणि "फिक्सेस" टॅगमध्ये मूळ चुकीच्या कमिटच्या हॅशची निदान पहिली १२ अक्षरं द्या. स्टेबल कर्नल सांभाळणारे त्यावरूनच ठरवतात की दुरुस्ती कोणत्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची.