शेलके विशेषण म्हणजे उत्तर नव्हे: वादात या चुका टाळा

वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. ती म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नाव ठेवले की त्याच्या मुद्द्याचे खंडन झाले, असे समजणे. करवाढीवरील एका स्पर्धेत माझ्या हुशार पण उतावळ्या विद्यार्थिनीने समोरच्या वक्त्याला ‘हुजऱ्या’ म्हटले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. तो शांतपणे म्हणाला, “मला हुजऱ्या म्हणा, पण मी दिलेला वसुलीचा आकडा चुकीचा आहे का, तेवढे सांगा.” ती कागद चाळू लागली. त्या आकड्यासमोर तिने उत्तर लिहिलेच नव्हते. तिथे ‘हुजऱ्या’ हा एकच शब्द होता, दोनदा अधोरेखित केलेला. तेव्हापासून मी प्रत्येक भाषणाच्या मसुद्यातील विशेषणे पेन्सिलीने खोडतो, आणि ती खोडल्यावर वाक्यात काहीच उरले नाही, तर ते वाक्य परत लिहायला लावतो. मुलांना हे कंटाळवाणे वाटते, पण टाळ्यांचा जवळचा रस्ता मी कोणालाही शिकवणार नाही.

दुसरी चूक राजकारणात अधिक महाग पडते: नेत्यावरचा राग त्याच्या समर्थकांवर काढणे. सप्टेंबर 2016 मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, हिलरी क्लिंटन यांनी प्रतिस्पर्धी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना ‘डिप्लोरेबल’, म्हणजे निंद्य, या वर्गात टाकले. ‘निम्मे’ म्हटल्याबद्दल त्यांनी दुसऱ्याच दिवशी खेद व्यक्त केला, तरी समर्थकांनी तो शब्द टी-शर्टवर छापून अभिमानाने मिरवला. ब्रिटनमध्ये 1906 साली ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांना हिणवण्यासाठी ‘सफ्रजेट’ हा शब्द वापरला, तर त्यांनी तोच स्वीकारला आणि 1912 मध्ये आपल्या नियतकालिकाचे नावही तेच ठेवले. ज्यांची मते आपल्याला वळवायची आहेत, त्यांच्या हाती आपणच असे निशाण का द्यावे?

आडनावावर कोटी करू नये. जात, शरीर आणि आजार यांवरून तर कधीच बोलू नये. ‘तुम्ही खोटारडे आहात’ याऐवजी ‘हे विधान खोटे आहे’ असे म्हणावे, कारण पुरावा विधानाविरुद्ध देता येतो. मात्र प्रत्येक कठोर शब्द हा तर्कदोष नसतो. कारणाच्या जागी शिवी ठेवली, की तो दोष होतो.

शब्द तोंडून गेलाच असेल, तर ‘कोणाची मने दुखावली असल्यास’ अशी पळवाट न काढता ‘तो शब्द मी मागे घेतो’ एवढेच म्हणावे आणि लगेच, राहून गेलेल्या आकड्याचे उत्तर द्यावे.