समितीवर पेशंट घेताय? मग या चुका टाळा

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर दोन प्रतिनिधी मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या लोकांचे ठेवलेत आणि दोन त्यांची काळजी घेणाऱ्यांचे, म्हणजे बहुधा नातेवाइकांचे. वेगवेगळे. तरी दवाखान्याची समिती नेमताना पेशंटच्या खुर्चीत हटकून आई नाहीतर नवरा येऊन बसतो. आई म्हणते खाटा वाढवा, पेशंट मुलगा म्हणतो दाखल झाल्यावर मोबाइल काढून घेऊ नका. दोघांचंही खरं, म्हणून तर दोघंही हवेत. (याच कायद्यातल्या, पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळात पेशंट, काळजी घेणारे आणि संस्था यांना मिळूनच दोन जागा आहेत. तिथं पेशंट कोण, हे विचारूनच घ्या.)

मी स्वतः पेशंट, माझी समिती बाह्यरुग्ण विभागाची. सभा सकाळी साडेनऊला! रात्रीच्या गोळीनं अकरापर्यंत माझं डोकं जड असतं. त्यात विषयपत्रिका इंग्रजीत, तीही जागेवर बसल्यावर हातात. पहिल्या दोन इतिवृत्तांत माझ्या नावापुढे नुसतं 'उपस्थित'. मग वेळ दुपारी तीनची झाली, कागद आठ दिवस आधी मराठीत यायला लागले. तिसऱ्या सभेत मी औषधखिडकीचा विषय काढला. तिथून "मनोविकारवाले इकडे या" अशी हाक यायची आणि सगळी रांग वळून बघायची. आता टोकन नंबर पुकारतात.

एकटा पेशंट घेऊ नका. सहा डॉक्टरांसमोर कुणाचीही बोबडी वळेल. निदान दोघं तरी हवेत. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज त्याच दिवशी हातात द्या. बाकीचे तिथं पगारी वेळेत बसलेले असतात.

'तुमचा अनुभव सांगा' म्हणून बोलवायचं, डोळे पुसायचे, टाळ्या वाजवायच्या आणि तो गेल्यावर खर्चाचा विषय घ्यायचा, ही तर नेहमीची रीत. खर्चाच्या विषयाला त्याला बसवा.

सगळ्यात झोंबतं ते हे: विरोध केला की "गोळ्या वेळेवर घेताय ना?" अध्यक्षांनी तिथल्या तिथं थांबवावं, हरकत इतिवृत्तात लिहून घ्यावी आणि उत्तर हरकतीला द्यावं.

मधेच आजार उचल खातो. तेव्हा नाव कापू नका. आपल्या जागी कोण बसेल, हे त्यालाच बऱ्या दिवसांत विचारून ठेवा. परत आला की मधल्या सभांची इतिवृत्तं द्या, आणि सभा सुरू होताना 'आता बरं वाटतंय का' ही चौकशी सगळ्यांदेखत करू नका.