ज्युदो + चिनी कुस्ती: अंगावर आलेल्याला पाडून सटकायचं कसं

ज्युदो आणि चिनी पकडी मिसळून स्वतःचा बचाव शिकायचाय म्हणणारी पोरं मोबाईलवर ढीगभर डाव बघून येतात आणि एकही धड येत नाही. मला विचाराल तर दोन्हीकडून मोजकंच घ्या, जपान्यांकडून पडायला शिका आणि चिन्यांकडून पाडून उभं राहायला.

म्हणजे बघा, श्वाई ज्याओ ही चिनी कुस्ती, आखूड बाह्यांचं जॅकेट घालून खेळतात, तिच्यात तळपायाशिवाय काहीही जमिनीला टेकलं की पॉइंट गेला, म्हणून तिथले पैलवान समोरच्याला आपटून स्वतः उभेच राहतात. ज्युदोत पाडल्यावर खाली जाऊन दाबून धरणं, गळा आवळणं हे सगळं आहे, मॅटवर मजा येते, पण एसटी स्टँडवर किंवा जत्रेत त्याच्याबरोबर लोळत बसलात तर त्याचा दोस्त येऊन लाथ घालणारच ना.

तर आधी पडणं. ज्युदोत याला उकेमी म्हणतात आणि पहिले काही आठवडे फक्त हेच करा, कंटाळा आला तरी. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून साधारण 45 अंशावर तळव्यासकट जमिनीवर मारायचा, मागे हात टेकून पडणं वाचवायला जाऊ नका, मनगट जातं. जागा म्हणजे आपली समुद्रकाठची पुळण, पण ओहोटी लागल्यावरची ओली घट्ट वाळू, वरची सुकी नको, तिच्यात पाय रुततो आणि रुतलेल्या पायावर अंग फिरवलं की गुडघा मुरगळतो. म्हणूनच पाठ वळवून खांद्यावरून फेकायचे डाव वाळूत नकोच (आपल्या कुस्तीतला धोबीपछाड पण त्याच जातीतला). पावसात पुळण सोडा, मांगरात (शेतातल्या खोपटात) भाताचा पेंढा जाड पसरा आणि वर ताडपत्री ताणून बांधा.

आता मुख्य साखळी. कोणी तुमचं मनगट धरलं तर पकडीतली कमजोर जागा म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे मिळतात ती, कोपर अंगाजवळ आणून हात त्या बाजूनेच फिरवून काढायचा, नुसता हात ओढू नका, अख्खं अंग वळवा. लगेच त्याचंच मनगट धरून उलट पिळायचं, चिनी छिन-ना मध्ये हे सांधे पिळणं असतं, जपानी जुजुत्सु आणि ऐकिदोत पण आहे. फक्त हे पिळणं शेवटचा डाव समजू नका, आपल्याकडे मे महिन्यात घामाने निथळणारा हात तसाही निसटतो. पिळलं की तो हात मागे खेचतो, आणि आपल्याला तेच हवंय, त्याचं वजन टाचेवर गेलं!

तिथे ओसोतो-गारी, म्हणजे ज्युदोतला पाय मागून झाडून पाठीवर पाडायचा डाव. तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर, छाती त्याच्या छातीला लावून वरचं अंग मागे ढकला आणि उजव्या पायाने त्याचा उजवा पाय मागून झाडा. शर्ट धरायच्या भानगडीत पडू नका, समोरचा बनियानवर असेल नाहीतर उघडा. एक हात दंडाला कोपराच्या वर, दुसरा मानेमागे. आणि खेचण्याऐवजी तो अंगावर रेटत आला तर? मग खाली बसून पाय धरा. ज्युदो स्पर्धेत पाय धरण्यावर 2010 पासून बंधनं आली आणि 2013 ला तर पूर्ण बंदी, श्वाई ज्याओत मात्र चालतं, आणि कबड्डी खेळलेल्या आपल्या पोरांना हे शिकवावं पण लागत नाही, घोटा धरायची सवय अंगात असतेच.

पिळणं आणि पाडणं एकत्र करणं ही काही नवीन आयडिया नाही बरं का. कानो जिगोरोंनी 1882 साली जुन्या जुजुत्सुतून, कोदोकान ही आपली शाळा काढून, ज्युदो उभा केला, आणि त्याच कोदोकानने 1956 मध्ये 21 डावांचा गोशिन-जुत्सु बसवला तो खास स्वसंरक्षणासाठी, मनगट पिळायचे डाव स्पर्धेत चालत नाहीत पण त्यात आहेत. कोणी ज्युदो सर जवळ असतील तर तोच दाखवा म्हणा.

पाडताना त्याचा हात सोडू नका, वर ओढून धरा, म्हणजे डोकं आपटायचा धोका कमी होतो. ओसोतो-गारीत माणूस सरळ पाठीवर जातो, डोक्याला गंभीर इजा झाल्याच्या केसेस ज्युदोत आहेत आणि तिथे तर मॅट असते, आपल्याकडे पाखाडी (दगडी पायवाट) नाहीतर जांभ्याचे चिरे. वर कायदा पण बघा, भारतीय न्याय संहितेचं कलम 34 स्वसंरक्षणाचा हक्क देतं पण 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको, पडलेल्याला परत तुडवलंत तर तुम्हीच आरोपी.

सराव सारख्या वजनाच्या जोडीदाराबरोबर, पिळताना हळू, त्याने 'सोड' म्हणून हाताने अंगावर किंवा जमिनीवर थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं. आणि समोर कोयता किंवा सुरा दिसला तर यातलं काहीच करू नका, चपला तिथेच टाका आणि माणसं असतील त्या बाजूला पळत सुटा.