हुरडा फ्रीझरमध्ये ठेवताना

सोलापुरी हुरडा भाजून उरला की दुसऱ्या दिवशी कडक होतो. तो असा टिकवा:

1. दाणे पाखडून, ताटात पसरून पूर्ण थंड करा. कोमट भरले तर वाफेचा बर्फ होऊन गोळा बसतो.
2. एका वेळेला लागेल तेवढाच, साधारण 150 ग्रॅम, फॉइलवर अर्धा इंच जाडीने पसरा. हवा दाबून काढा, कडा दोनदा दुमडा.
3. फॉइल सहज फाटते, म्हणून पुड्या झिपच्या पिशवीत घाला. तारीख लिहाच.

खाताना फॉइल काढून गोठलेलाच हुरडा कढईत टाका, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. 3-4 मिनिटांत मऊ होतो.

मीठ, लिंबू किंवा चटणी लावलेला हुरडा मात्र फॉइलमध्ये बांधू नका. मीठ-आंबटाने फॉइलला भोकं पडतात.