मेट्सला शिव्या घालताना या चुका टाळा

शिव्या घालायला माझी ना नाही. न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल टीमचं फॅन व्हायचं आणि तोंड गोड ठेवायचं, हे कुणालाच जमलेलं नाही. १९८६ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगचं अजिंक्यपद, हाती लागलेली नाही, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. माझा वैताग वेगळाच आहे. लोक चुकीच्या माणसाला शिव्या घालतात, आणि वर्षानुवर्षं त्याच त्याच माणसाला घालतात. न्यू जर्सीत आपल्या मंडळींसोबत मॅच बघताना ठरलेली चार-सहा निदानं कानावर येतात. बहुतेक सगळे क्रिकेट कोळून प्यालेले, त्यामुळे बेसबॉल दोन आठवड्यांत कळतो अशी त्यांची खात्री असते. कळत नाही. नियम कळतात, खेळ नाही.

२०२५ च्या हंगामात तर या निदानांना पूर आला होता. १२ जूनला मेट्सचे ४५ विजय आणि २४ पराभव होते, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत चांगला रेकॉर्ड. तिथून पुढे ३८ विजय आणि ५५ पराभव. २८ सप्टेंबरला मायामीत मार्लिन्सनी ४-० ने हरवलं आणि दुकान बंद झालं. सिनसिनाटी रेड्सचेही ८३ विजयच होते, पण आपसातल्या मॅचेस त्यांनी जास्त जिंकल्या होत्या, म्हणून प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची, जागा त्यांना मिळाली.

शेवटी दिसला त्याच्यावर खापर फोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

माझा मेहुणा मूळचा कोल्हापूरचा, एडिसनला येऊन फार वर्षं झालेली नाहीत. हुशार आहे, पण धीर नावाला नाही. पूर्ण मॅच बघत बसणं त्याला रिकामटेकडेपणा वाटतो. फोनवर स्कोअर बघायचा, रंगात आलं की टीव्हीसमोर यायचं आणि सकाळी हायलाइट्स बघून मत बनवायचं, असा त्याचा खाक्या. १३ ऑगस्टला सिटी फील्ड या मेट्सच्या मैदानावर अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध मॅच होती आणि मेट्स ६-० ने पुढे होते. हे बघून साहेब ओक ट्री रोडवरून सामोसे घेऊन आमच्याकडे हजर. तो येऊन बसतोय तोवर चौथ्या इनिंगमध्ये बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर्समधून, नवा पिचर (बॉल फेकणारा) आला होता आणि मायकल हॅरिसने त्याला ग्रँड स्लॅम, म्हणजे सगळे बेस भरलेले असताना होमर, ठोकला. त्या एका इनिंगमध्ये ब्रेव्ह्जचे ९ रन झाले. मॅच ११-६ ने गेली.

‘दाजी, हा माणूस टीममध्ये आलाच कसा? उद्याच्या उद्या हाकला याला!’

मी विचारलं, तू यायच्या आधी काय झालं ते बघितलंस का?

‘बघितलं नाही, पण दिसतंय ना समोर.’

हीच ती चूक. समोर दिसतंय ते शेवटचं टोक असतं. पहिल्या पंगतीत कुणीतरी आमटी सांडून ठेवतो आणि शेवटच्या पंगतीतला वाढपी शिव्या खातो, तसलाच प्रकार. त्या रात्री स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, होता डेव्हिड पीटरसन, आणि त्याला चार इनिंग्जही पूर्ण करता आल्या नाहीत. मग पीटरसनला शिव्या घालायच्या का? त्यालाही नको. बाकीचे कोसळले असताना आठवडेच्या आठवडे सहा-सहा इनिंग्ज ओढणारा हा एकटाच होता. ऑगस्टमध्ये त्याच्यात जोर उरला नव्हता.

खरं कारण शोधायचं तर १२ जूनलाच जावं लागतं, म्हणजे रेकॉर्ड ४५-२४ झाला त्याच दिवशी. मेट्सचा स्टार्टर कोडाई सेंगा नॅशनल्सविरुद्ध फेकत होता, ईआरए १.४७. नवख्यांसाठी सांगतो, नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर किती रन पडतात, तो हा आकडा, १.४७ म्हणजे जवळजवळ अभेद्य. एक साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारा बॉल, आला, सेंगा पहिल्या बेसकडे धावला, तो बेस सांभाळणाऱ्या पीट अलोन्सोचा थ्रो उंच आला. तो घ्यायला सेंगाने उडी मारली आणि मांडीमागचा स्नायू गेला. परत आला तो जुलैत, आणि पहिल्यासारखा आलाच नाही. सप्टेंबरमध्ये त्याला सिराक्यूजच्या मायनर लीग (दुय्यम) टीमकडे पाठवावं लागलं. जून संपायच्या आत दुसरा स्टार्टर ग्रिफिन कॅनिंगचा अकिलीस टेंडन तुटला. शॉन मनाया आणि फ्रँकी माँटास हे स्टार्टर तर हंगाम सुरू झाला तेव्हाच दुखापतीत होते. क्ले होम्स इतकी वर्षं बुलपेनमधला. त्याला पहिल्यांदाच अख्खा हंगाम स्टार्टर म्हणून उभा केलेला.

आता हिशेब करा. स्टार्टरने सहा इनिंग्ज टाकल्या तर बुलपेनला रोज तीन उरतात, पाच मॅचेसच्या फेरीत पंधरा. स्टार्टर सव्वाचार-साडेचार इनिंग्जमध्ये गळायला लागला की तोच आकडा तेविसाच्या आसपास जातो. माणसं तेवढीच, हात तेवढेच. जुलैत ते दमतात, ऑगस्टमध्ये त्यांचे फास्टबॉल बॅटच्या मधोमध यायला लागतात, आणि तेव्हा तुम्ही सामोसे घेऊन येता.

रायन हेल्सलीचं नाव काढल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. २०२४ मध्ये कार्डिनल्ससाठी ४९ सेव्ह करणारा, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा, हा पिचर जुलैअखेरीस ट्रेडमध्ये (टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) आला आणि मेट्ससाठी त्याचा ईआरए ७.२० राहिला. वाईट फेकलं, यात वादच नाही. पण ट्रेडच्या डेडलाइनला टीमने बुलपेनसाठी तीन माणसं आणली आणि स्टार्टर एकही आणला नाही. माझा राग तिथे आहे. छत गळत असताना बादल्या विकत घेण्यात काय हशील?

अजून एक बारीक गोष्ट. पिचर बेसवर माणसं ठेवून गेला आणि पुढच्याने ती होम प्लेटपर्यंत येऊ दिली, तर रन आधीच्याच्या खात्यावर पडतात. म्हणजे एकाचा ईआरए दुसऱ्याच्या हातात असतो. रिलीव्हरला, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरला, नालायक किंवा देवमाणूस ठरवण्याआधी तो आला तेव्हा बेसवर कोण होतं, तेवढं बघा.

यावर माझा उपाय म्हणजे एक शंभर पानी वही. पहिल्या पिचपासून (फेकलेल्या बॉलपासून) मी हाताने स्कोअर लिहितो, आणि समासात फक्त एक गोष्ट: स्टार्टर कितव्या इनिंगला, किती पिचनंतर गेला. अ‍ॅपमध्ये हे सगळं असतं, मला ठाऊक आहे. पण अ‍ॅपमध्ये शोधायला बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे शेवटचा स्कोअर बघून फोन खिशात टाकतात. समासातले आकडे चार-चार, पाच-पाच दिसायला लागले की पुढच्या महिन्यात काय वाढून ठेवलंय ते कळतं. २०२५ च्या जुलैतली पानं मी मेहुण्याला दाखवली. त्याने दोन पानं उलटली आणि विचारलं, ‘याचं एक्सेल नाही का?’

बॅटरला क्रिकेटच्या फूटपट्टीने मोजणं

आपल्या लोकांची खास चूक. अमेरिकन माणूस ही वेगळ्या तऱ्हेने करतो, आपण आपल्या तऱ्हेने.

क्रिकेटमध्ये विकेट ही मोठी गोष्ट. त्रिफळा उडाला की मान खाली. म्हणून स्ट्राइकआउट झाला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, की आपल्या मंडळींना तो कुळाला बट्टा वाटतो. ‘निदान बॉलला बॅट तरी लाव!’ असा आरडाओरडा होतो. लावली बॅट. बॉल शॉर्टस्टॉपकडे घरंगळत गेला, पहिल्या बेसवरचा माणूस आणि बॅटर दोघेही गेले. डबल प्ले. एका आउटच्या जागी दोन झाले, आणि तरी लोक म्हणतात, प्रयत्न तरी केला. स्ट्राइकआउट हा तीनातला एक आउट आहे, त्याहून जास्त काही नाही. तिसऱ्या बेसवर माणूस आणि दोनपेक्षा कमी आउट असतील तर मात्र चडफडा, तिथे बॉल खेळात येणं खरंच महत्त्वाचं असतं.

दुसरी गोष्ट वॉक, म्हणजे पिचरने चार वाईट पिच टाकल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस. हुआन सोटोला मेट्सनी १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन डॉलर दिले. २०२५ च्या मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यांचं एकमत झालं होतं की पैसे पाण्यात गेले. हंगाम संपला तेव्हा त्याची बॅटिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे हिट्सचं प्रमाण, होती .२६३. ‘बघा, शंभरात सव्वीस!’ पण त्याच हंगामात त्याला १२७ वॉक मिळाले, आणि बेसवर पोहोचण्याचं प्रमाण होतं .३९६, म्हणजे दर पाच वेळांत जवळपास दोनदा. वर ४३ होमर आणि ३८ चोरलेले (पिचर फेकत असताना पळून गाठलेले) बेस. अ‍ॅव्हरेजमध्ये वॉक धरतच नाहीत, त्यामुळे नुसती अ‍ॅव्हरेज बघणाऱ्याला सोटो अर्धाच दिसतो. शिवाय जो बॅटर वाईट पिच सोडत सोडत पिचरकडून सात-आठ पिच काढून घेतो, तो समोरच्या स्टार्टरला पाचव्या इनिंगमध्ये घरी पाठवतो. जी आपल्या पिचर्सची बोंब, तीच दुसऱ्यांच्या माथी मारायची ही रीत आहे. हायलाइट्समध्ये मात्र सोडलेली पिच कुणी दाखवत नाही.

आणि नशीब. मायामीतल्या त्या शेवटच्या मॅचमध्ये बेसेस भरलेले असताना अलोन्सोने कडकडीत लाइन ड्राइव्ह मारला. बॉल शंभर मैलांच्या वर सुटला होता आणि गेला थेट लेफ्ट फील्डरच्या ग्लव्हमध्ये. चार हात इकडे-तिकडे असता तर कदाचित ऑक्टोबर वेगळा गेला असता. आमच्या बेसमेंटमधली प्रतिक्रिया: ‘मोक्याच्या वेळी हा कायम माती खातो.’ एका वर्षापूर्वी याच माणसाने मिलवॉकीत नवव्या इनिंगमध्ये, २-० ने मागे असताना, तीन रनचा होमर मारून मेट्सना पुढच्या फेरीत नेलं होतं. तेव्हा नाचलेलेच लोक होते हे.

लाइनअपची अदलाबदल म्हणजे रामबाण

२०२४ मध्ये मेट्सच्या फ्रान्सिस्को लिंडोरची सुरुवात भीषण होती, अ‍ॅव्हरेज .२०० च्याही खाली. मे महिन्यात मॅनेजर कार्लोस मेंडोसाने त्याला पहिल्या नंबरवर आणलं आणि तो पेटला: ३३ होमर, २९ चोरलेले बेस, एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात ओहतानीनंतर दुसरा. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचीही बॅट थंडावली की एकच सल्ला: याला वर आण, त्याला खाली ने. अहो, तो लिंडोर होता. मंद एप्रिल काढून नंतर उसळणं ही त्याची जुनीच सवय. आकडेवारीवाल्यांच्या हिशेबाने तेच नऊ जण वेगळ्या क्रमाने उभे केले तर अख्ख्या हंगामात एखाद्या विजयाचा फरक पडतो. नऊ जण कोण, हा प्रश्न मोठा. क्रम हा मॅनेजरवर ओरडायला सोयीचा प्रश्न.

किरकोळ, पण कंटाळा आणणाऱ्या

पिचरचे विजय-पराभव मोजणं. मेट्सच्या जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये १.७० च्या ईआरएने साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, तेव्हा त्याचा रेकॉर्ड होता १० विजय, ९ पराभव. बॅटर रन करत नसतील तर पिचरने काय स्वतः पळायचं?

‘चांगला फेकतोय, मग काढला का?’ तेच बॅटर त्याला तिसऱ्यांदा बघत असतात, म्हणून. तिसऱ्या फेरीला बॅटरांचे आकडे सुधारतात, हे सगळ्या टीम्सना ठाऊक आहे.

जूनमध्ये निकाल लावणं. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीला मेट्सचे पराभव विजयांपेक्षा अकराने जास्त होते आणि तरी ते पोहोचले नॅशनल लीगच्या फायनलला. २०२५ चं वर सांगितलंच. १६२ मॅचेस असतात, जरा श्वास घ्या.

पैसा ओतला की झालं. २०२३ मध्ये मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हरलँडर हे नामांकित पिचर, दोघेही एकाच टीममध्ये, पगाराचा आकडा तोवरचा विक्रमी. १ ऑगस्टपर्यंत दोघांनाही विकलं, ७५ विजय.

सातव्या इनिंगनंतर उठणं. ‘पार्किंगमध्ये गर्दी होते’, ‘पेन स्टेशनहून ट्रेन चुकते’, ‘उद्या ऑफिस आहे’. २०२५ मध्ये आठ इनिंग्जनंतर मागे असताना मेट्सनी एकही मॅच जिंकली नाही, सत्तरपैकी शून्य, हा आकडा मेहुण्याने मला स्वतःहून ऐकवला. हा मात्र त्याला पाठ आहे. बरोबर आहे, निघा खुशाल. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ‘काल काय झालं हो दाजी?’ म्हणून फोन करायचा नाही.