फायबरच्या होडीतलं लाकूड

पहिली होडी घेतली तेव्हा मी ती फक्त डोळ्यांनी पाहिली होती. १४ फुटी, तीसएक वर्षं जुनी, मागे मोटर टांगायची, मासेमारीची साधी उघडी होडी. रंग उडालेला, दोन ठिकाणी जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या रंगीत, कडक थराला, कोळिष्टकासारख्या चिरा, बाकी अंग ठणठणीत. माझा हिशोब सरळ होता: घासायचं, पुट्टी भरायची, रंग मारायचा, दोन महिन्यांत पाण्यात. लागले १४ महिने. त्यातले रंगाला गेले जेमतेम नऊ दिवस.

उरलेला वेळ लाकडाने खाल्ला. फायबरची होडी सगळी फायबरची नसते, हे मला तिने शिकवलं. काचेचे धागे आणि त्यांना धरून घट्ट होणारा चिकट द्रव, म्हणजे पॉलिएस्टर रेझिन, यांचं कवच बाहेरून दिसतं. पण ज्या मागच्या भिंतीवर मोटर बसते तो ट्रान्सम, तळाला लांबीच्या दिशेने ताठ ठेवणारे स्ट्रिंगर आणि आपण ज्यावर उभे राहतो तो डेक, या तिन्हींच्या पोटात जुन्या होड्यांमध्ये बहुतेक वेळा लाकूड किंवा प्लायवूड असतं. कवच कित्येक दशकं टिकतं. प्लायवूडची वाट लावायला मात्र एक भोक पुरतं. कुणीतरी कधीतरी मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर लावायला ट्रान्समला दोन स्क्रू मारतो आणि सीलंट विसरतो. पाणी शिरतं, आणि दोन्ही अंगांना फायबर असल्याने त्याला परतीची वाट नसते. मग लाकूड बंद डब्यात कुजत राहतं, वर रंग मात्र चकचकीत.

त्यामुळे विकत घेण्याआधी अर्धा तास तरी होडी ठोकून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर खालून वर टकटक करत जा. चांगल्या लाकडावर आवाज खणखणीत, कोरडा येतो; कुजलेल्यावर बद्द, बसलेला. मोटर लावलेली असेल तर तिचा खालचा पाय धरून वर-खाली दाबा आणि नजर मोटरवर न ठेवता ट्रान्समच्या वरच्या कडेवर ठेवा. कड हलली, किंवा कोपऱ्यात बारीक चीर उघडली-मिटली, तर आतलं काम संपलेलं आहे. डेकवर अनवाणी चाला. बुटांना न कळणारा मऊपणा तळव्यांना कळतो. मालकाची परवानगी असेल तर आतल्या बाजूने, अगदी खाली, ६ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा हातात घ्या. पांढरट, कोरडा भुसा आला तर नशीब. तपकिरी, ओला, बोटांनी पिळता येणारा आला तर समजून जा. बाहेरच्या अंगाने असलं भोक पाडू नका, ते आणखी एक दार होतं.

डेकखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम ही दुसरी फसवणूक. पॉलियुरेथेनचा हा फोम बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही, असं सांगतात. नवा असताना ते बरोबरच आहे. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून, बर्फात गोठून, हादरे खाऊन पेशी फुटतात आणि फोम पाणी धरतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माझ्या होडीतून निघालेले ठोकळे मी एकट्याने उचलू शकत नव्हतो. कोरडा असा फोम घनमीटरला साधारण ३२ किलोचा असतो, म्हणजे तेवढ्या आकाराला तो ९०० किलोंहून जास्त भार तरंगवू शकतो. भिजला की तोच बुडवायला मदत करतो. होडीचं कारखान्याने दिलेलं कोरडं वजन कळलं तर ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन तुलना करा. फरकाचं उत्तर बहुधा डेकखाली सापडतं.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. उत्साहाच्या भरात मी एका शनिवारी डेक कापला, रविवारी स्ट्रिंगर काढले, आणि होडी तशीच ट्रेलरच्या चार रोलरवर ठेवून पुढच्या कामाला लागलो. हाडं काढून घेतलेलं कवच म्हणजे मोठं टोपलं असतं. तीन आठवड्यांनी तळावर सरळ पट्टी धरली तर ट्रान्समच्या पुढे सुमारे दीड मीटरवर रोलरने तळ आत दाबलेला, ८ मिलिमीटरची फट. वाचायला किरकोळ वाटेल. पण वेगात पळणाऱ्या होडीला मागच्या तळातला असा खोलगटपणा घातक असतो. पाणी शेपटीला वर ढकलतं आणि नाक खाली जातं. नवे स्ट्रिंगर तसेच बसवले असते तर तो बाक कायमचा झाला असता. मग लाकडी पाळणा केला, तळाच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या कापल्या, त्यांना जुनी सतरंजी लावली, आतून वाळूच्या पिशव्या ठेवून तळ हळूहळू सरळ बसवला. दोरी ताणून आणि स्पिरिट लेव्हल लावून दोन दिवस नुसतं मोजत होतो. तुम्ही हे मोजमाप कापायच्या आधी करा. कटरला हात लावण्यापूर्वी तळाला किमान तीन-चार ठिकाणी रुंद आधार हवा, आणि दोन्ही काठांमधलं अंतर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या हव्यात.

मोजमापाचाच दुसरा भाग ट्रान्समचा. जुना काढण्याआधी त्याची उंची, जाडी आणि कल पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायची मोटर ठरावीक उंचीसाठी बनलेली असते. आखूड पायाची साधारण १५ इंचांसाठी, लांब पायाची २० इंचांसाठी. कलही १२ ते १४ अंशांच्या आसपास असतो. जुनं लाकूड भुगा होऊन निघालं की विचारायला कुणी उरत नाही. माझ्या होडीत जाडी ३८ मिलिमीटर होती, तेव्हा १८ मिलिमीटरचे मरीन प्लायवूडचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवून, वर फायबर मारून ती गाठली.

चिकटवण्याआधी रेझिनबद्दल बोलायला हवं, कारण नवखे इथेच सर्वाधिक गोंधळतात. होडी बनली पॉलिएस्टरमध्ये, मग दुरुस्तीही त्यातच करावी, असं वाटणं साहजिक आहे. तो स्वस्त असतो, लवकर सेट होतो आणि मूळ कारखान्यात त्याचं काम उत्तम झालेलंही असतं. फरक असा की तिथे एका ओल्या थरावर दुसरा ओला थर बसला होता. आपण तीस वर्षांच्या सुकलेल्या भिंतीवर नवा थर मारतो, तेव्हा रासायनिक जोड होत नाही, नवा रेझिन फक्त ओरखड्यांना धरून राहतो. या पकडीत एपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दुसऱ्या जातीचा रेझिन, पुष्कळ सरस आहे, लाकडाला धरण्यात तर नक्कीच. म्हणून ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि ताण घेणारे सगळे सांधे मी एपॉक्सीत केले. पण एक अट: कापलेल्या धाग्यांची साधी मॅट बहुधा एपॉक्सीसोबत चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने नाही. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात वळत नाही. एपॉक्सीला विणलेलं किंवा तिरकस शिवलेलं कापड लागतं.

दोघांची मिसळण्याची तऱ्हाही वेगळी, आणि एकाची सवय दुसऱ्याला लावली की काम बिघडतं. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक १ ते २ टक्के; किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम. थंडीत थोडा वाढवा, उन्हात कमी करा, चालतं. एपॉक्सीत असं चालत नाही. तिथे हार्डनर हा अर्धा भागीदार आहे, जे प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. ‘लवकर सुकावं म्हणून थोडा जास्त टाकला’ असं म्हणणाऱ्याचा थर महिन्यानंतरही च्युइंगगमसारखा राहतो.

आणि पॉलिएस्टरवाल्यांसाठी एक इशारा, जो मी प्रत्येक नवख्याला पुन्हा पुन्हा देतो. काही ठिकाणी रेझिन, सेट होण्याला वेग देणारा कोबाल्टचा ऍक्सिलरेटर आणि एमईकेपी हा उत्प्रेरक अशा तीन बाटल्या वेगळ्या मिळतात. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकत्र करायचे नाहीत, कधीच. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मगच उत्प्रेरक. मापाची भांडीही वेगळी. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल म्हणजे गॉगल, नंबरचा चष्मा नव्हे. काचेच्या धुळीला चांगला मास्क, वाफेला कार्बनच्या डब्यांचा वेगळा. संध्याकाळी अंग खाजायला लागलं की गरम पाण्याकडे धावू नका; आधी गार पाण्याने धूळ उतरवा, न चोळता.

तापमानाची गंमत मला एका भांड्याने शिकवली. घाई होती म्हणून मी एकदम दीड लिटर एपॉक्सी खोल डब्यात मिसळली आणि कापड कापत बसलो. दहा मिनिटांत डबा धूर सोडायला लागला, प्लास्टिक वितळलं. रेझिन सेट होताना उष्णता सोडतो. ढिगात ती अडकते आणि स्वतःलाच भडकवते. आता थोडंथोडंच मिसळतो आणि लगेच रुंद, उथळ ट्रेमध्ये ओततो. हाताशी वेळ दुपटीने मिळतो.

लाकडाला पहिला हात देताना मात्र मी घड्याळ बघतो. सकाळी मारलेल्या थरावर दुपारपर्यंत शेकडो बुडबुडे आलेले असायचे. मला वाटायचं माल खराब आहे. खरं कारण साधं: दिवस तापतो तशी लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरातून बाहेर येते. संध्याकाळी, तापमान उतरत असताना हात दिला की हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढून घेते. तेव्हापासून लाकडाची कामं मी उतरत्या उन्हाशिवाय करत नाही. प्लायवूडच्या कडांना तर तीन-तीनदा पाजतो, कारण पाणी तिथूनच सर्वात आधी शिरतं.

घासण्याचा क्रम: आधी ऍसिटोनने पुसणं, मग घासणं. उलट केलंत तर वरचं मेण नि तेल ओरखड्यांत चोळलं जातं. पकडीसाठी ४० ते ६० नंबरचा घासपेपर; गुळगुळीत पृष्ठभाग इथे शत्रू आहे. ऍसिटोनचे बोळे उघड्यावर सुकू द्या, ठिणगीपासून लांब. एपॉक्सीच्या थरावर दुसऱ्या दिवशी मेणचट पापुद्रा दिसला तर तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा, मगच पेपर मारा. त्या पापुद्र्यावर पुढचा थर नीट बसत नाही आणि जेलकोट तर चिकट राहतो.

कवचाला आरपार भोक असेल तर कड सरळ कापून ठिगळ लावू नका. कड उतरती करा, जाडीच्या १२ पट. ६ मिलिमीटर जाडीला ७२ मिलिमीटर उतार, चारी बाजूंनी. मुठीएवढ्या भोकासाठी ताटाएवढी जागा घासताना जीव तुटतो, पण ठिगळाची सगळी ताकद त्या उतारात असते.

तळावर पाण्याचे फोड असतील तर ते टोचून बघा. आतून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं. उघडा, गोड्या पाण्याने वारंवार धुवा, आठवडे वाळू द्या, एपॉक्सी पुट्टीने भरा. यात कष्टापेक्षा धीर जास्त लागतो. रंगाबद्दल मी फार सांगणार नाही, डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. वायरिंगसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या जवळात जवळ बसवा. बाकी ते जाणकाराकडून करून घ्या, मीही तेच केलं.

भोकांचं मात्र मी वेड घेतलं होतं. ट्रान्सम, डेक आणि आसनांवर मिळून खडूने गोल करत ३१ भोकं मोजली. प्रत्येक मोठं केलं, घट्ट केलेल्या एपॉक्सीने भरलं, सुकल्यावर मधोमध नवं भोक पाडलं. म्हणजे बोल्टभोवती लाकूड कुठेच उघडं नाही, सभोवार एपॉक्सीची नळी. सीलंट वेगळं, ते तर लावलंच.

पहिल्या फेरीला आम्ही दोघे होतो. दोन तास मोटर चालवली, ट्रान्सम दगडासारखा. किनाऱ्याला आल्यावर पाणी बघितलं तर तळाशी दोन मगभर साचलेलं. मी मागचं सगळं तपासलं, ३१ च्या ३१ कोरडी. शेवटी टॉर्च घेऊन होडीच्या नाकाच्या पोकळीत डोकं घातलं. होडी ट्रेलरवर ओढायची कडी तिथे बाहेरून आत बोल्टने बसवलेली असते. नट घट्ट होते, फायबर चांगलं दिसत होतं, म्हणून ती मी मोजलीच नव्हती. नट सोडला तेव्हा मागे लाकडाचा पंजाएवढा ठोकळा होता. बोटाने दाबला, तर ओल्या चोथ्यासारखा हातात आला.